वाचकांचे प्रश्न : चावी, चलन आणि व्हिसा

या महिन्याच्या टपालात भाडेकरार आणि वारसनोंदीचे नेहमीचे प्रश्न मागे पडले आणि वाहतुकीच्या प्रश्नांनी जागा अडवली. त्यांतली सहा पत्रे निवडली आहेत. नावे नेहमीप्रमाणे गाळली असून मजकूर थोडक्यात दिला आहे. दंड किती झाला हे बहुतेकांनी आवर्जून कळवले आहे. तो कोणत्या कलमाखाली झाला आणि तडजोड म्हणून, म्हणजे न्यायालयात न जाता, भरला की न्यायालयात गुन्हा कबूल करून भरला, हे मात्र एकाच पत्रातून समजले. घरातले कोणी परदेशी जाणार असेल तर पुढे गाडी अडते ती याच तपशिलावर, म्हणून नाशिकच्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : पुण्यातल्या एका चौकात वाहतूक हवालदारांनी माझी दुचाकी अडवली आणि मी काही बोलण्याआधीच चावी काढून घेतली. लायसन्स आणि आरसी माझ्या मोबाइलवर होते, परंतु "मोबाइलवरचे चालत नाही, ओरिजिनल दाखवा" असे सांगून ते नाकारण्यात आले. त्यांना तसा अधिकार आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने लायसन्स तपासणीसाठी दाखवलेच पाहिजे. येथे हुद्द्याची अट नाही, त्यामुळे "तुम्ही साधे शिपाई, तुम्हाला मी कागद दाखवणार नाही" हा समाजमाध्यमांवर फिरणारा सल्ला ऐकून कोणी वाद घालत बसू नये. दंडाची तडजोड कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने करावी हा वेगळा प्रश्न असून तो राज्य शासनाच्या अधिसूचनेने ठरतो.

आता चावीविषयी. लायसन्स ताब्यात घेण्याचा अधिकार कलम २०६ मध्ये आहे आणि वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. दोन्हींची कारणे कायद्यात लिहिलेली आहेत. लायसन्स नसताना किंवा वय पूर्ण नसताना गाडी चालवणे, नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणे, परमिटशिवाय वाहतूक करणे अशा कारणांसाठी गाडी अडकवता येते. थांबलेल्या गाडीची चावी काढून खिशात घालण्याचा अधिकार मात्र या कायद्याच्या कोणत्याही कलमात दिलेला नाही. झिंगलेल्या माणसाच्या हातून चावी काढून घेतली तर त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही, परंतु कागद मागण्याआधी चावीला हात घालण्याची जी सवय पडली आहे तिला कायद्याचा आधार नाही. गाडी चालू असताना असा हात घातला तर चालक आणि हवालदार दोघेही पडू शकतात, हे वेगळे सांगायला नको.

मोबाइलवरील कागदपत्रांबाबत तुमची बाजू पक्की आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून लायसन्स, नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी हे सर्व कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर यंत्रणेवर पडताळून वैध आढळलेला कागद पुन्हा प्रत्यक्ष स्वरूपात मागू नये, असेही म्हटले आहे. यात एक खोच आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमध्ये उघडलेला कागद म्हणजे इलेक्ट्रॉनिक कागद. गॅलरीत ठेवलेला लायसन्सचा फोटो म्हणजे नुसता फोटो. तुम्ही नेमके काय दाखवले हे पत्रात लिहिलेले नाही, म्हणून आधी ते तपासून पाहावे.

तक्रार करायची असल्यास वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे लेखी करावी आणि तीत तारीख, वेळ, चौक, तसेच छातीवरच्या पट्टीवरील नाव किंवा बक्कल नंबर लिहावा. रागाचा मजकूर कमी आणि तपशील जास्त असलेल्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते, असा माझा अनुभव आहे. रोख रक्कम मागितली गेली आणि चलन निघाले नाही, तर त्या पैशाला दंड म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते आपण सर्व जण जाणतो.

प्रश्न : मी २०२२ मध्ये माझी स्कूटर ओळखीच्या मेकॅनिकला विकली. पैसे मिळाले, सही केलेले कागद दिले आणि विषय संपला असे समजलो. आता माझ्या मोबाइलवर हेल्मेट नसल्याची आणि सिग्नल तोडल्याची अकरा चलने आली आहेत. लोकअदालतीत निम्मे पैसे भरून मोकळे व्हावे असे मित्र सांगतात. (एक निवृत्त शिक्षक, ठाणे)

उत्तर : सर, स्कूटर तुमच्या दारातून गेली, आरटीओच्या नोंदीतून गेली नाही. कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे ती व्यक्ती, हे सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अशी अनेक हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईचा भार शेवटी कागदावरील मालकावरच आला. अकरा चलने त्रासदायक आहेत हे खरे, परंतु उद्या त्या स्कूटरने कोणाला उडवले आणि तिचा विमा संपलेला असला तर येणारी रक्कम चलनांच्या कैक पट असेल. म्हणून सर्वप्रथम हस्तांतर पूर्ण करून घ्यावे. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत विक्री कळवायची असते आणि त्यासाठी नमुना २९ व ३० वापरतात. तुम्ही सह्या केल्या त्या बहुधा याच कोऱ्या नमुन्यांवर. कोऱ्या कागदावर सही करून देण्याची ही आपल्याकडची जुनी रीत वकिलांना कामाची कमतरता भासू देत नाही. मेकॅनिक सापडत असल्यास त्याला घेऊन आरटीओत जावे; सापडत नसल्यास विक्रीचा पुरावा, म्हणजे बँकेतील जमा, संदेश, असल्यास ताबापावती, जोडून आरटीओ आणि पोलीस ठाणे अशा दोन्ही ठिकाणी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

चलनांवर आक्षेप घेता येतो. गुन्ह्याच्या वेळी वाहन कोण चालवत होते ही माहिती देणे हे कलम १३३ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे, आणि तुमच्या बाबतीत तेच तुमच्या उपयोगी पडेल. प्रत्येक चलन उघडून त्यातील छायाचित्र पाहावे. कॅमेऱ्याने काढलेल्या चलनांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ आला. छायाचित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेली तरतूद आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे, तसेच गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवावी, अशी अपेक्षा त्यात आहे. वर्षभराने एकदम आलेल्या चलनांबाबत हा मुद्दा जरूर मांडावा. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने साधारणपणे सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते, ही मुदतीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. मात्र न्यायालय विलंब माफ करू शकते, आणि पोर्टलवर बाकी दिसत असेपर्यंत आरटीओतील कामे अडू शकतात. "सहा महिने झाले, चलन आपोआप रद्द" असे मानून स्वस्थ बसू नये.

लोकअदालतीचा मार्ग चांगला आहे, परंतु तेथे नेहमी निम्मी रक्कम माफ होते असा नियम नाही, आणि एकदा समेट झाला की तो निवाडा अंतिम असतो; त्यावर अपील नाही. दुसऱ्याने तोडलेल्या सिग्नलचे पैसे भरून समेट करण्याआधी आक्षेप नोंदवून पाहावा, असे मी सुचवेन.

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीत त्याची श्वासतपासणी झाली. यंत्रावर ४६ हा आकडा आला. लायसन्स जमा झाले असून न्यायालयात जायचे आहे. तेथे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी "गुन्हा कबूल करा, दहा हजार भरा, तासाभरात घरी जा" असे सांगितले. मुलाला कॅनडातील एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे आणि पासपोर्टची मुदतही संपत आली आहे. दहा हजारांचे काही नाही, पण पुढे अडचण येईल का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : दहा हजारांचे काही नाही, हे तुमचे वाक्य बरोबर आहे आणि म्हणूनच घाई करू नये.

हेल्मेट, वेगमर्यादा, चुकीच्या जागी उभी केलेली गाडी यांसारख्या गुन्ह्यांत कलम २०० प्रमाणे रक्कम भरून तडजोड करता येते. तेथे प्रकरण न्यायाधीशांपुढे जात नाही, कोणी गुन्हेगार ठरत नाही. मद्यपान करून वाहन चालवण्याचे कलम १८५ या तडजोडीच्या यादीत नाही. त्यामुळे ते प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच जाते, आणि तेथे "कबूल आहे" म्हटले की भरलेली रक्कम ही दोषसिद्धीनंतरची शिक्षा ठरते. पावती दोन्हीकडे मिळते आणि दिसायलाही सारखीच असते. परदेशी दूतावासाच्या दृष्टीने मात्र पहिला कागद म्हणजे वाहतुकीचा दंड आणि दुसरा म्हणजे फौजदारी शिक्षा.

आता आकड्याकडे येऊ. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास कलम १८५ लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांचा दंड किंवा दोन्ही. कॅनडात ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. दुसरीकडे, १८ डिसेंबर २०१८ पासून कॅनडाने मद्यपान करून वाहन चालवण्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेली, आणि त्यामुळे तेथील इमिग्रेशन कायद्यात हा गुन्हा 'गंभीर गुन्हेगारी' या वर्गात जाऊन बसला. परदेशात झालेल्या शिक्षेचा विचार करताना तेथील अधिकारी आपल्या न्यायालयाने किती दंड केला हे पाहत नाहीत. तेच कृत्य कॅनडात घडले असते तर कोणता गुन्हा झाला असता आणि त्याला कमाल शिक्षा किती असती, हे ते पाहतात. म्हणजे नाशिकमध्ये तासाभरात आटोपलेले प्रकरण तिकडे दहा वर्षांच्या मापाने मोजले जाऊ शकते.

येथे तुमच्या मुलाचा ४६ हा आकडा महत्त्वाचा ठरतो. तो आपल्या मर्यादेच्या वर आहे, परंतु कॅनडाच्या ८० च्या बराच खाली आहे. तेवढ्या प्रमाणावर तेथे मर्यादाभंगाचा गुन्हा झालाच नसता, असा युक्तिवाद करायला जागा आहे. ही हमी नव्हे, कारण मद्यामुळे वाहन चालवण्याची क्षमता कमी झाली असणे हाही तेथे स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला आकड्याची गरज नसते. मुलगा झोकांड्या खात होता, गाडी वेडीवाकडी चालली होती असे काही पंचनाम्यात किंवा अहवालात लिहिले आहे का, की साध्या नाकाबंदीत तो नीट थांबला आणि यंत्रावर आकडा आला एवढेच आहे, हे म्हणून पाहावे लागेल. यंत्रातून निघालेली ती छोटी पट्टी, जिच्यावर वेळ आणि आकडा छापलेला असतो, तिची शाई काही महिन्यांत उडते. आजच तिची छायाप्रत काढावी आणि न्यायालयातील सर्व कागदांच्या प्रमाणित प्रती मागून घ्याव्यात. चार वर्षांनी "आकडा कमीच होता हो" असे सांगून कोणी ऐकणार नाही.

कबुली द्यावी की खटला लढवावा, याचा निर्णय फौजदारी काम करणाऱ्या वकिलाने कागद पाहूनच द्यावा. तो मी येथून देणार नाही. तपासणी कोणत्या परिस्थितीत झाली, अटक झाली असल्यास कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली का, असे मुद्दे त्यांना दिसतील. मुद्दे नसताना खटला लांबवणेही शहाणपणाचे नाही, कारण पासपोर्टचा प्रश्न तेथेच उभा राहतो. पासपोर्ट अधिनियमाच्या कलम ६(२)(एफ) प्रमाणे न्यायालयात फौजदारी प्रकरण प्रलंबित असल्यास पासपोर्ट नाकारता येतो. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने त्यातून वाट काढून दिलेली आहे: ज्या न्यायालयात प्रकरण आहे तेथून परदेशी जाण्याची परवानगी घ्यावी, आणि न्यायालयाने ठरवलेल्या मुदतीपुरता पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एका वर्षाचाच मिळतो, म्हणून परवानगीच्या अर्जात अभ्यासक्रमाचा कालावधी लिहून तेवढी मुदत स्पष्टपणे मागावी. अनेकांचा हा एक शब्द राहून जातो आणि वर्षाने पुन्हा फेऱ्या सुरू होतात.

लायसन्स जमा झाल्याने ते रद्दच झाले असे नाही. परवाना प्राधिकाऱ्याने तुमच्या मुलाचे म्हणणे ऐकून घेऊनच ते तीन महिन्यांसाठी निलंबित करायचे असते. जमा केल्याची पोच मात्र हाताशी हवी.

शेवटची गोष्ट व्हिसाच्या अर्जाची. कोणत्याही देशात कधी अटक, आरोप किंवा शिक्षा झाली आहे का, असा सरळ प्रश्न कॅनडाच्या अर्जात असतो. त्याला 'नाही' असे उत्तर द्यायला सांगणारे एजंट नाशिकमध्येही असतील. खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास कॅनडाच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षे प्रवेश बंद होतो, आणि मग मूळ गुन्हा किरकोळ होता की नव्हता याला अर्थ उरत नाही. खरे उत्तर, सोबत प्रमाणित प्रती आणि दोन परिच्छेदांचा खुलासा, एवढे द्यावे. शिक्षा झालीच तर ती पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांनी पुनर्वसनाचा, म्हणजे आपण सुधारलो आहोत हे पटवून देण्याचा, अर्ज करता येतो आणि तोपर्यंत तिकडच्या तात्पुरत्या वास्तव्य परवान्याची एक वाट असते. पण ती अडचणीची आणि खर्चिक आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे पती एच-१बी व्हिसावर आहेत. दिवाळीच्या मेजवानीहून परतताना त्यांना मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल अटक झाली आणि लगेच सुटकाही झाली. येथील वकील म्हणाले की न्यू जर्सीत हा फौजदारी गुन्हा नाही, साधा वाहतूक नियमभंग आहे. तरीही काही आठवड्यांनी व्हिसा रद्द केल्याचे पत्र आले. जानेवारीत पुतण्याच्या लग्नासाठी पुण्याला यायचे आहे. (एक वाचक, एडिसन)

उत्तर : तुमचे वकील बरोबर बोलले आणि तरीही पत्र आले, यात विसंगती नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात हा नियमभंग आहे आणि त्याची सुनावणी म्युनिसिपल कोर्टात ज्यूरीशिवाय होते. परंतु राज्याच्या कायद्याने त्याला काय नाव दिले आहे याच्याशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला कर्तव्य नसते. मागील पाच वर्षांत अशी अटक झालेली दिसली की व्हिसा खबरदारी म्हणून रद्द करण्याचे त्यांचे धोरण २०१५ पासून आहे. त्यासाठी शिक्षा होण्याची वाट पाहिली जात नाही. अटक पुरेशी असते.

घाबरण्याआधी एक फरक लक्षात घ्यावा. व्हिसा हा देशाच्या दारातून आत येण्याचा कागद आहे; आत राहण्याचा अधिकार आय-९४ या नोंदीने आणि एच-१बीच्या मंजुरीने ठरतो. अशा प्रकारे व्हिसा रद्द झाला म्हणून तुमच्या पतींचे वास्तव्य त्या क्षणी बेकायदा होत नाही आणि नोकरीही जात नाही. मात्र दाराबाहेर पाऊल टाकले की पुन्हा आत येण्यासाठी नवा व्हिसा लागतो. त्या वेळी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत, आणि बहुधा नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे मद्याच्या सवयीविषयी तपासणी, असा क्रम असतो. त्याला किती दिवस लागतील हे कोणी सांगू शकत नाही. कॅनडा किंवा मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन जुन्याच व्हिसावर परत येण्याची जी सवलत आहे, तीही रद्द झालेल्या व्हिसाला मिळत नाही. लग्न पुतण्याचे आहे. मनाला कितीही लागले तरी या जानेवारीत पतींनी येऊ नये आणि तुम्हीही तुमच्या व्हिसाची स्थिती वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय तिकीट काढू नये, असे मी सांगेन.

मुख्य खटला नीट लढवणे आता अधिक गरजेचे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाडिला विरुद्ध केंटकी या २०१० च्या निकालात असे म्हटले आहे की, परदेशी नागरिकाला गुन्हा कबूल करण्याचा सल्ला देताना त्याने हद्दपारीचा धोका ओढवतो का, हे सांगणे बचाव पक्षाच्या वकिलाचे कर्तव्य आहे. होजे पाडिला हा व्यवसायाने ट्रकचालक होता आणि "तुम्ही इतकी वर्षे येथे आहात, काळजी करू नका" असे त्याला त्याच्या वकिलाने सांगितले होते. त्याचा गुन्हा मात्र अमली पदार्थांचा होता, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. मद्यपान करून वाहन चालवणे हा हिंसेचा गुन्हा ठरत नाही, असे त्याच न्यायालयाने २००४ च्या लिओकाल खटल्यात म्हटले होते. गांजासारख्या पदार्थाचा उल्लेख कागदावर आला की प्रकरण वेगळ्या आणि कडक कलमांत जाते. न्यू जर्सीत गांजाची विक्री कायदेशीर असली तरी केंद्रीय इमिग्रेशन कायद्याला ते मान्य नाही. वकिलाला एवढेच विचारा: कबुलीच्या कागदावर नेमके कोणते कलम आणि कोणते शब्द येणार आहेत? निकालानंतर न्यायालयाची प्रमाणित प्रत घेऊन ठेवा; ग्रीन कार्डच्या अर्जात प्रत्येक अटकेची विचारणा होते.

साध्या वेगाच्या चलनांनी मात्र कोणी झोप उडवून घेऊ नये. नागरिकत्वाच्या अर्जासोबत ५०० डॉलरपेक्षा कमी दंडाच्या, अटक न झालेल्या आणि मद्याशी संबंध नसलेल्या वाहतूक प्रकरणांचे कागद जोडावे लागत नाहीत. विद्यार्थ्यांनी जरा जपून राहावे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारदरबारच्या नोंदी अचानक बंद करण्यात आल्या आणि त्यांतील काहींच्या नावावर वाहतूक प्रकरणाखेरीज काही नव्हते. न्यायालयांत दावे दाखल झाल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस नोंदी पूर्ववत करण्याचे सरकारने जाहीर केले, पण मधल्या दिवसांत काही मुले सामान बांधून निघूनही गेली होती.

प्रश्न : माझ्याकडे कारचे लायसन्स आहे आणि त्याच लायसन्सवर मी द्राक्षांचा छोटा टेम्पो चालवतो. अपघात झाल्यास विमा मिळणार नाही, असे एजंट म्हणतात. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : एजंटांचे ज्ञान थोडे जुने झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेली व्यक्ती एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकते. हे वजन म्हणजे रिकाम्या टेम्पोचे नव्हे. आरसीवर मालासह एकूण वजन लिहिलेले असते, ते पाहावे. घातक रसायनांची वाहतूक यात बसत नाही. द्राक्षे बसतात. परमिट, फिटनेस आणि विमा यांच्या अटी वेगळ्या आहेत, त्या या निकालाने सैल झालेल्या नाहीत.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेचा नागरिक असून त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे. मे महिन्यात तो साताऱ्याला येईल तेव्हा माझी गाडी घेऊन महाबळेश्वरला जाईन म्हणतो. त्याच्याकडे फक्त अमेरिकेचे लायसन्स आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : ओसीआय कार्डाने त्याला येण्याचा आणि राहण्याचा अधिकार मिळतो, गाडी चालवण्याचा नाही. त्याने तिकडच्या लायसन्ससोबत १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आणावा. ज्या देशाचे लायसन्स, त्याच देशात तो निघतो. साताऱ्याच्या आरटीओत त्याला तो मिळणार नाही, त्यामुळे विमानात बसण्यापूर्वीच ही व्यवस्था करावी लागेल. तो दरवर्षी येऊन काही महिने राहत असेल तर येथे रीतसर शिकाऊ आणि मग पक्के लायसन्स काढणे सोयीचे.

परवान्याशिवाय चावी दिली तर दंड त्याच्याबरोबर तुम्हालाही होतो, कारण लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणे हा कलम १८० खाली मालकाचा वेगळा गुन्हा आहे. अपघात झाला तर स्वर्णसिंग प्रकरणातील २००४ च्या निकालाप्रमाणे विमा कंपनी जखमी माणसाला भरपाई देईलही, पण ती नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते, आणि तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा बहुधा फेटाळला जाईल.

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षाचा असतो आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्याला भारतीय लायसन्सवर बारा महिने, तर जर्मनीत सहा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तेथील परीक्षा द्यावी लागते. परदेशात असताना आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत संपली तर २०२१ पासून तेथील भारतीय दूतावासामार्फत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. भाच्याला मात्र मे महिन्याआधी कळवा, आणि घाटात त्याला पहिल्या दिवशी चावी देऊ नका. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते.